दिव्यांग कोट्यातून अर्ज करू का, आणि क्लासला 40 हजार भरू का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

मी 23 वर्षांची आहे, बी.कॉम. झाले. लहानपणापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, श्रवणयंत्र वापरते. प्रमाणपत्रावर 55 टक्के लिहिलंय. बाबा म्हणतात, दिव्यांग कोट्यातून सरकारी भरतीचे फॉर्म भर. मैत्रीण म्हणते, कोट्यातून लागलीस तर ऑफिसात जन्मभर तेच ऐकून घ्यावं लागेल, खुल्यातूनच भर. मध्यंतरी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मुलाखत दिली, 'तुम्हाला फोन घेता येणार नाही' म्हणून परत पाठवलं. आता शहरातली एक संस्था टॅली, जीएसटी आणि 'दिव्यांग कोट्यातून नोकरीची हमी' असा सहा महिन्यांचा कोर्स 40 हजारांत देतेय. मागं बसलं की मला काही कळत नाही, हे सांगितलं तर म्हणाले, एकीसाठी बॅच थांबणार नाही. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. काय करू?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर

40 हजार भरू नका. आणि फॉर्म दिव्यांग प्रवर्गातूनच भरा.

आधी मैत्रिणीचा मुद्दा घेऊ, कारण तुमच्या मनात तोच जास्त सलतोय असं पत्रावरून वाटतं. 'कोट्यातून भरला तर खुल्याची संधी गेली' हा समज चुकीचा आहे. दिव्यांगांचं आरक्षण समांतर आहे. ते खुल्या, ओबीसी, एससी, एसटी अशा सगळ्या प्रवर्गांना आडवं छेदून जातं. केंद्र सरकारच्या भरतीत तर 15 जानेवारी 2018 च्या आदेशानं हे स्पष्टच केलंय: वय, अनुभव किंवा पात्रता यांतली सवलत न घेता, सर्वसाधारण निकषांवरच तुमची निवड झाली, तर तुम्हाला दिव्यांगांच्या राखीव जागेत मोजत नाहीत. ती जागा दुसऱ्या दिव्यांग उमेदवाराला मिळते. म्हणजे फॉर्मवर 'दिव्यांग – होय' लिहिल्यानं तुमचे गुण खाली येत नाहीत आणि खुल्या यादीतलं तुमचं नावही कुणी खोडत नाही. उलट फॉर्मवर 'नाही' लिहिलंत आणि दोन गुणांनी खुली यादी हुकली, तर नंतर प्रमाणपत्र दाखवून उपयोग नाही. अर्जाच्या मुदतीत न केलेला दावा पुढं धरत नाहीत.

राहिलं लोकांच्या बोलण्याचं. राखीव जागेवरही किमान गुण लागतात, पात्रता लागते, परिविक्षा (सुरुवातीचा चाचणी काळ) पार करावी लागते. संसदेनं 2016 साली दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम केला, तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांत 3 टक्के जागा होत्या, नव्यानं त्या 4 टक्के केल्या. हे घडलं कारण गुणवत्ता असूनही माणसं दारातूनच परत जात होती. 'फोन घेता येणार नाही' म्हणून तुम्ही गेलात, तशीच. आपल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी दृष्टी नसताना यूपीएससी पास केली आणि तरीही अंधत्वाचं कारण देऊन त्यांना रेल्वे लेखा सेवेत घेतलं नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि आयएएस झाल्या. गुण कमी पडले म्हणून त्यांना अडवलं नव्हतं. समोरचा कामाची कल्पनाच एका ठरावीक शरीरापुरती करतो, तिथं अडतं. त्या अडवणुकीवरचा उपाय वापरण्यात कमीपणा नाही, असं आमचं ठाम मत आहे.

आता 4 टक्क्यांत तुमचा वाटा कुठला ते पाहा. अधिनियमाच्या कलम 34 नुसार 1 टक्का अंध व अल्पदृष्टी, 1 टक्का कर्णबधिर व ऐकू येण्यात कमतरता असलेले, 1 टक्का अस्थिव्यंग (यातच सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, ॲसिड हल्ल्यातले पीडित आणि स्नायूंचा क्षय), आणि उरलेला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व एकाहून अधिक दिव्यांगता यांना मिळून. तुमचा गट दुसरा. सांकेतिक भाषा वापरणारे पूर्ण कर्णबधिर उमेदवार आणि तुमच्यासारखे श्रवणयंत्र लावणारे, दोघं याच 1 टक्क्यात आहेत.

केंद्राच्या बिंदुनामावलीत (कितवी जागा कुणासाठी राखीव ते ठरवणाऱ्या यादीत) 100 जागांच्या चक्रातले 1, 26, 51 आणि 76 हे बिंदू दिव्यांगांसाठी आहेत. दुसरा गट 26 व्या बिंदूवर येतो. म्हणून लहान कार्यालयाच्या जाहिरातीत तुमच्या गटापुढं शून्य दिसतं. बरेच जण तिथं जाहिरात मिटवून टाकतात. मिटवू नका. ते पद तुमच्या गटासाठी योग्य ठरवलेलं असेल, तर राखीव जागा नसतानाही अर्ज करता येतो आणि केंद्रीय भरतीत वयाची सवलतही मिळते. ही सवलत खुल्या प्रवर्गाला 10, ओबीसींना 13 आणि एससी, एसटींना 15 वर्षांची आहे. राज्याच्या भरतीत दिव्यांगांची वयोमर्यादा साधारण 45 पर्यंत असते. तुम्ही 23 च्या आहात, त्यामुळं पुढची काही वर्षं ही सवलत न वापरताच अर्ज करा. वर सांगितलेला सर्वसाधारण यादीचा फायदा त्यामुळंच शाबूत राहतो.

आणखी एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. राखीव जागा त्या वर्षी भरली गेली नाही तर ती पुढच्या वर्षात ओढली जाते. तेव्हाही योग्य उमेदवार मिळाला नाही तर ती आधी दिव्यांगांच्याच दुसऱ्या गटाला द्यावी लागते. कुठल्याच गटात कुणी नसेल, तरच बिगर-दिव्यांगाला. जाहिरातीत 'अनुशेष' असा शब्द दिसला की तो अर्ज सोडू नका. तिथं स्पर्धा बऱ्याचदा कमी असते.

प्रमाणपत्राकडं वळू, कारण इथं कागदावरच्या किरकोळ चुकांनी नोकऱ्या जातात. आरक्षणासाठी किमान 40 टक्के लागतात. कानांची टक्केवारी कशी निघते हे समजून घ्या, म्हणजे फेरतपासणीत घाबरणार नाही. श्रवणयंत्र काढून प्रत्येक कानाची चाचणी होते. 500, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झ या चार स्वरांवर तुम्हाला किती डेसिबलला ऐकू येतं, त्याची सरासरी काढून त्या कानाची टक्केवारी ठरते. मग चांगल्या कानाची टक्केवारी गुणिले 5, अधिक वाईट कानाची, भागिले 6. तुमचा चांगला कान 50 आणि वाईट 80 टक्के असेल तर 250 अधिक 80, म्हणजे 330, भागिले 6, उत्तर 55. या सूत्रात चांगल्या कानाचं वजन पाचपट आहे, म्हणून एका कानानं ठार बहिऱ्या पण दुसऱ्यानं नीट ऐकणाऱ्या माणसाचे 17 टक्केही भरत नाहीत आणि तो आरक्षणात बसत नाही. निवडीनंतर पुन्हा तपासणीला पाठवलं तर बटण दाबायच्या चाचणीखेरीज बेरा करतात. त्यात कपाळाला आणि कानामागं तारा लावून मेंदूपर्यंत पोचणारा संकेत मोजतात, उमेदवाराच्या उत्तरावर ती चाचणी अवलंबून नसते. जुने ऑडिओग्राम (कानाच्या चाचणीचे आलेख) फेकू नका, तारखेनुसार लावून एका फाइलीत ठेवा. खोटं प्रमाणपत्र वापरणाऱ्याला कलम 91 खाली 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड आहे, त्यामुळं तपासण्या कडक होणारच. खऱ्या माणसाला त्यांचा जाच वाटतो, पण त्या खऱ्या माणसाच्याच जागा राखतात.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढलंय का? नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. 40 ते 79 टक्क्यांना पिवळी पट्टी, 80 च्या वर निळी, 40 च्या खाली पांढरी. तुमच्या कार्डावर पिवळी यायला हवी. कार्डावरचं नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षर न अक्षर जुळतंय का पाहा. वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारीख. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला लागेल. ही दुरुस्ती जाहिरात निघाल्यावर करायला गेलात तर मुदत निघून जाते. आजच करून ठेवा.

एक गैरसमज आधीच काढतो. तासाला 20 मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक ही सोय लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठी आहे. केवळ कमी ऐकू येतं म्हणून ती सहसा मिळत नाही. तुम्ही परीक्षेत वेगळी मदत मागायला हवी: पर्यवेक्षकाच्या तोंडी सूचना लेखी द्या, आणि श्रवणयंत्र काढायला लावू नका. दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. परीक्षा केंद्रावर इलेक्ट्रॉनिक वस्तू काढून ठेवायला सांगतात आणि त्यात श्रवणयंत्रही काढायला लावलं की त्या गोंधळात 'वेळ संपली' हेही कळत नाही. प्रवेशपत्र आल्याबरोबर केंद्रप्रमुखांच्या नावे अर्ज करा, सोबत यूडीआयडीची प्रत जोडा, आणि पोच घेतलेली प्रत परीक्षेच्या दिवशी जवळ ठेवा.

आता प्रशिक्षण. त्या संस्थेच्या दोन वाक्यांतूनच निर्णय होतो. 'दिव्यांग कोट्यातून नोकरीची हमी' कुठलीही खाजगी संस्था देऊ शकत नाही. सरकारी कोटा जाहिरात, परीक्षा आणि गुणवत्ता यादी यांतूनच भरतो. खाजगी नोकऱ्यांत दिव्यांगांचा सक्तीचा कोटाच नाही. कलम 35 मध्ये 5 टक्के दिव्यांग कर्मचारी ठेवणाऱ्या मालकांना प्रोत्साहन द्यावं एवढंच म्हटलंय. मग हमी कशाची? आणि 'बॅच थांबणार नाही' म्हणणाऱ्यांनी तर तुम्ही मागितलेलंच नाही ते नाकारलं. बॅच थांबवा असं तुम्ही म्हटलंच नव्हतं.

दिव्यांगांसाठी फी नसलेलं प्रशिक्षण उपलब्ध आहे, आधी ते तपासा. केंद्राच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाचं पीएम-दक्ष हे पोर्टल आहे, तिथं यूडीआयडी क्रमांकानं नोंदणी होते आणि जवळच्या केंद्रांतले अभ्यासक्रम दिसतात. दिव्यांगांसाठीची स्किल कौन्सिल एकेका कामाचा अभ्यासक्रम दिव्यांगतेच्या प्रकारानुसार जुळवून देते. राज्याच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी करा आणि जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात एकदा प्रत्यक्ष जा. ऑनलाइन यादीत नसलेल्या बॅचची माहिती तिथं मिळते. मुंबईत शीव-चुनाभट्टी भागात केंद्रीय श्रम मंत्रालयाचं दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. तिथं कामाच्या क्षमतेचं मूल्यमापन, मार्गदर्शन आणि नोकरीसाठी शिफारस, तिन्ही होतं. कानांची तपासणी आणि श्रवणयंत्र नीट जुळवून घ्यायचं असेल तर वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडीआयपी योजनेत उत्पन्नानुसार यंत्र मोफत किंवा अर्ध्या किमतीत मिळतं. पुढं शिकायचं असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत कलम 32 नुसार किमान 5 टक्के जागा दिव्यांगांना आहेत, वयात 5 वर्षं सवलतीसह. एम.कॉम.चा विचार मनात असेल तर हे लक्षात ठेवा.

पैशांचा एक स्रोत अगदी गावातच आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांनी स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. बऱ्याच ठिकाणी वर्षाखेरीला ती थोडीथोडी वाटून टाकतात, कारण कुणी ठोस मागणीच केलेली नसते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडं (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या: अमुक अभ्यासक्रम, अमुक फी, सोबत संस्थेचं दरपत्रक. मार्चची वाट पाहू नका, अंदाजपत्रक तयार होत असतानाच द्या.

पैसे देऊनच शिकायचं ठरवलंत तर संस्थेला आधी लेखी विचारा: अभ्यासक्रमाचा एनएसक्यूएफ कोड (राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातला क्रमांक) कोणता, प्रमाणपत्र कुणाच्या नावानं मिळणार, एकूण तास किती, मध्येच सोडल्यास किती फी परत. याआधी कमी ऐकू येणारे विद्यार्थी तिथं शिकलेत का आणि आज कुठं काम करतात, हेही विचारा. उत्तरं तोंडीच मिळत असतील तर पाकीट बंद ठेवा.

वर्गात तुमचं नेमकं कुठं अडतं हे समजलं की मागणी नेमकी करता येते. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. 1 मीटरवरून 4 मीटरवर गेलात की 12 डेसिबल गेले. त्यात पंख्याची घरघर आणि उघड्या भिंतींचा घुमारा असतोच. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण गोंगाटही तितकाच मोठा करतं. म्हणून 'मोठ्यानं बोला' ही मागणी निरुपयोगी आहे. त्याऐवजी हे मागा: पहिल्या रांगेत, शिक्षकांपासून दीड-दोन मीटरवर, चांगला कान त्यांच्याकडं येईल अशी कडेची जागा, फळ्याकडं तोंड करून न बोलणं, टिपणं आणि सरावाच्या फाइली आदल्या दिवशी, इतरांचा प्रश्न उत्तर देण्याआधी शिक्षकांनी एकदा परत म्हणणं, तोंडी चाचणीऐवजी लेखी. मोबाइलवरचं लाइव्ह ट्रान्सक्राइब (बोललेलं लगेच लिहून दाखवणारं ॲप) मराठीतही चालतं. फोन शिक्षकांच्या टेबलावर ठेवा आणि अक्षरं वाचा. फोन तुमच्या बाकावर असेल तर तोही तुमच्याइतकाच दूर राहतो आणि चुकीचे शब्द लिहितो. टॅलीच्या वर्गात आकडे आणि लेजरची नावं हुकतात, ती फळ्यावर किंवा स्क्रीनवर हवीतच. यातल्या एकाही गोष्टीनं बॅच थांबत नाही, आणि कर्णबधिर नसलेल्या मुलांनाही यानं नीट कळतं.

अर्जाचा मसुदा असा करा:

'मला दोन्ही कानांनी 55 टक्के श्रवणदोष आहे (यूडीआयडी प्रत सोबत). दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 2(वाय) मध्ये सांगितलेली वाजवी सोय मिळावी, ही विनंती. मला पुढील बाबी लागतील: … यासाठी संस्थेवर जादा खर्च पडत नाही. आपला निर्णय कृपया 7 दिवसांत लेखी कळवावा.'

मागणी खाली क्रमानं लिहा आणि पोच घ्या. 'वाजवी' या शब्दामागं कायद्यातली अट अशी आहे की सोय देणाऱ्यावर अवाजवी किंवा न पेलणारा बोजा पडू नये. म्हणून खर्च न लागणाऱ्या गोष्टी वर आणि खर्चाच्या खाली लिहा. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात, 40 टक्क्यांची मर्यादा न गाठणाऱ्या उमेदवारालाही लेखनिक मान्य केला. आरक्षणाला 40 टक्क्यांची अट आहे, पण वाजवी सोयीचा हक्क त्याहून रुंद आहे. तुम्हाला दोन्ही लागू आहेत.

सरकारी नोकरीत रुजू झाल्यावरही हाच अर्ज चालतो. सरकारी आस्थापनेनं वाजवी सोय द्यायलाच हवी असं कलम 20 सांगतं. नकार मिळाला तर कलम 23 नुसार तिथं नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं जा, त्यानं नोंदणीपासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती, आणि त्यावर पुण्यातले राज्याचे दिव्यांग आयुक्त. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयानं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. प्रत्येक पायरीवर आधीच्या पोचेची प्रत लागते, म्हणून तोंडी विनंतीवर महिने घालवू नका.

खाजगी ऑफिसातही कायदा अगदीच गप्प नाही. 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला समान संधी धोरण प्रसिद्ध करावं लागतं. त्यात दिव्यांगांसाठी योग्य पदं, त्यांचं प्रशिक्षण, मिळणाऱ्या सोयी आणि संपर्क अधिकारी हे सगळं द्यायचं असतं. मोठ्या कंपनीत अर्ज करताना हे धोरण मागून वाचा. संपर्क अधिकाऱ्याचं नाव असेल तर मुलाखतीआधीच त्यांना सोयी कळवा. तुम्ही गेलात ते कर सल्लागाराचं ऑफिस बहुधा लहान असेल. तिथं कायद्याचा दाखला देऊन फारसं साधत नाही, तयारीनं जावं लागतं.

फोनचा प्रश्न पुन्हा येणारच. त्याचं उत्तर तयार ठेवा. जीएसटी विवरणपत्रं, बँक ताळमेळ, व्हाउचर नोंदी ही कामं पडद्यावरची आहेत. ग्राहकांशी बोलणं व्हॉट्सॲप आणि ईमेलवर होतं, आणि आकडे लेखी असले की नंतर वादही होत नाहीत. ब्लूटूथ असलेलं श्रवणयंत्र फोनला जोडता येतं. तुमचं यंत्र तसं असेल तर कुणाला तरी चार-पाच अनोळखी नंबरांवरून फोन करायला लावून सराव करा आणि किती कळतं ते स्वतः तपासा. मग मुलाखतीत नेमकं सांगा: 'शांत खोलीत जोडलेल्या यंत्रावर मी फोन घेऊ शकते, गर्दीत नाही. तिथं मला मेसेज चालेल. एक महिना चाचणी म्हणून काम द्या, रोजच्या नोंदींचा हिशेब मी दाखवते.' जाताना तुम्ही स्वतः पूर्ण केलेला एक नमुना महिन्याचा टॅली डेटा पेनड्राइव्हवर न्या, आणि तो तिथल्याच संगणकावर उघडून दाखवा.